कंपनीचं बारसं

पाळण्यातल्या कंपनीने ‘वेदबॉट’ हे नाव नाकारलं. ‘ऋषीक्लाउड’ ऐकून तर तिने पडदाच काळा केला. संस्थापक मल्हार घोलपने यादीतलं तेही नाव खोडलं. संध्याकाळपर्यंत तिने नाव स्वीकारलं नाही, तर त्याच्या आधीच्या दोन कंपन्यांसारखीच हीही कायद्याने कायमची बंद होणार होती.

“आधुनिक तंत्रज्ञान झालं, प्राचीन ज्ञान झालं, अजून काय हवंय हिला?” तो रडकुंडीला आला.

“सरक,” शकूआत्या म्हणाली. तिने वाकून माइकमध्ये नाव कुजबुजलं. कर्मचाऱ्यांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. हिरवा दिवा लागला.

“आत्या, काय ठेवलंस?”

“धोंडी. आधीची पोरं वाचली नाहीत, की असंच ठेवायचं रे. मरण ढुंकूनही बघत नाही.”

मल्हारने डोळे पुसले आणि पाटीवाल्याला फोन लावला.

“आणि लोगोला तीट लाव,” आत्या म्हणाली.