पोटावरची शिट्टी

"सर, शिट्टी वर यायला हवी," रुख्सार म्हणाली.

फिजिओथेरपीच्या टेबलावर उताणे पडलेले घाडगे सर वैतागले. पोरीने त्यांच्याच गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या पोटावर ठेवली होती. सरांनी दणकून श्वास घेतला. छाती फुगली, पोट खपाटीला गेलं, कंबरेतून कळ निघाली. शिट्टी काही वर आली नाही.

"पोटाने श्वास घ्या, सर. पोट बाहेर येऊ द्या."

"पोट बाहेर? अगं, छाती पुढे, पोट आत, हेच शिकवलं ना मी तुम्हाला मैदानावर!"

"तेच मुरलंय तुमच्या अंगात. श्वास वरच्यावर अडकला, की कंबर आवळून बसते. दुखतंय कधीपासून?"

"आमची ही गेली तेव्हापासून."

रुख्सारने पोटावरची शिट्टी सरळ केली. "बाईंना नेताना सगळे रडत होते. तुम्ही तेवढे सावधानमध्ये उभे होतात."

"मैदानावरची माझी सगळी पोरं आली होती गं," सर पुटपुटले. "बघत होती."

तिने त्यांच्या पोटावर अलगद हात ठेवला आणि मैदानावरच्या त्यांच्याच खणखणीत आवाजात हुकूम सोडला, "विश्राम!"

हुकूम अंगवळणी पडलेला. सरांचं पोट आपसूक सैल झालं. शिट्टी हळूच वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मग एकाएकी थरथरायला लागली आणि घरंगळून टेबलाखाली पडली.

रुख्सारने ती उचलली नाही. तिने पडदा ओढून घेतला आणि ती त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आता कोणी बघत नाहीये, सर."