शेवटच्या नावापुढची खूण

"शेवटची सायकल यंदा तुमचीच, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मागे कुणी राहायला नको."

सायकलवाल्याने मान डोलावली. नाही म्हणायला तोंड होतंच कुठे? गेल्या वर्षीच्या सायकलफेरीत मागे राहिले ते वहिनींचेच यजमान, ड्रॉइंगमास्तर. त्याचे लहानपणापासूनचे दोस्त. वळणावर सायकल घसरली आणि मास्तर खालच्या घळीत पडले. सापडले थेट संध्याकाळी. वेळेवर सापडते तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

फेरी रुग्णवाहिकेसाठी होती. अर्धे पैसे गेल्या वर्षी जमले, उरलेल्यांसाठी यंदा वहिनी स्वतः कंबर कसून उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या नावाने फेरी ठेवली, दारोदार फिरल्या. चिक्कूतल्या चिक्कू दुकानदाराचाही खिसा गोड बोलून मोकळा केला.

"गेल्या वर्षीची यादी सापडली का हो?" त्यांनी एकदा सहज विचारलं होतं.

"कुठे गहाळ झाली कोण जाणे."

यादी त्याच्या दुकानातच होती, खणात, पंक्चरच्या ठिगळांखाली. दहादा काडी ओढली, पण जाळायला हात धजावला नव्हता. फेरीचा नियम असा, की परत येईल त्याच्या नावापुढे खूण करायची आणि सगळ्या खुणा झाल्याशिवाय समारंभ सुरू करायचा नाही. गेल्या वर्षी एक नाव उरलं होतं. पाहुणे सारखे घड्याळ बघत होते आणि रुग्णवाहिकेचा चेक त्यांच्या खिशात होता. येतीलच पाठोपाठ, असं म्हणत त्याने मास्तरांच्या नावापुढे खूण करून टाकली. माइकवर सांगून मोकळा झाला, सगळे आले.

"लाउडस्पीकरचा आवाज घळीपर्यंत जातो का, भाऊजी?" हेही वहिनींनीच विचारलं होतं.

"छे हो. मध्ये टेकडी आहे ना."

परवा तर तो पुरता गाफील राहिला. सायकलस्वारांच्या छातीवर नंबर लावायला पिना हव्यात म्हणून वहिनी दुकानात आल्या. त्याचे हात ग्रीसने बरबटलेले. "खणात बघा," तो बोलून गेला आणि मग यादी आठवली. वहिनींना पिना सापडायला जरा वेळच लागला. पण आल्या त्या नेहमीच्याच चेहऱ्याने.

"केवढा पसारा करून ठेवलाय हो," एवढंच म्हणाल्या. त्याचा जीव भांड्यात पडला.

फेरीच्या सकाळी यादी आणि माइक वहिनींनी आपल्याकडे घेतला.

"फोनही इथेच ठेवा. वर्गणी तुमच्याच नंबरवर येतेय."

त्याने फोन दिला आणि सगळ्यांच्या मागून निघाला.

परतताना वळणावर बाकीचे पुढे गेले. त्याची नजर नको तिथे गेलीच. घळीतल्या झुडपांत कुणीतरी पाठमोरं बसलंय, असं वाटलं. वर्षभर त्याला असंच वाटत होतं, दुकानात, जेवताना, आरशापुढे.

"मास्तर, चुकलं माझं," तो पुटपुटला आणि पुढचं चाक खडीवरून घसरलं.

शुद्ध आली तेव्हा तो खाली घळीत होता आणि पाय भलतीकडेच वळला होता. मांडीतलं रक्त थांबत नव्हतं आणि हाक मारायला श्वास पुरत नव्हता.

मग त्याला वहिनींचा आवाज ऐकू आला. अगदी स्वच्छ. म्हणजे लाउडस्पीकर इथवर ऐकू येत होता. म्हणजे मास्तरांनीही तो ऐकला होता. त्याला रडूच फुटलं.

वहिनी परत आलेल्यांची नावं एकेक करून वाचत होत्या. तो धीराने ऐकत राहिला. त्या पक्क्या नियमाच्या. एक जरी नाव उरलं तरी समारंभ सुरू होऊ द्यायच्या नाहीत. यादीत त्याचं नाव शेवटचं होतं. ते उरेल आणि माणसं धावत येतील.

वहिनी क्षणभर थांबल्या.

"आणि आपले सायकलवाले भाऊजी," लाउडस्पीकरवर आवाज आला. "तेही पोचले. सगळे आले."