कामी आलेली माणसं

निवृत्त लष्करी डॉक्टर कर्नल चौबळ नातीला घेऊन दिल्लीहून पानिपतला, काला अंबच्या स्मारकापाशी आले होते.

"क्षिप्रा, इथे आपली हजारो माणसं कामी आली."

"म्हणजे कामाला आली? ड्यूटीवर?" दिल्लीतच वाढलेल्या क्षिप्राने विचारलं.

"अगं, लढता लढता गेली," कर्नल हसले.

क्षिप्राने त्यांच्या बॅगेतला स्टेथोस्कोप कानांना लावला आणि गंमत म्हणून चकती मातीवर टेकवली. "आजोबा, धडधडतंय!"

"अच्छा?" म्हणत त्यांनी तो घेतला, वाकले, आणि तसेच राहिले.

ठोके होते. अगणित, आणि जलद. सीमेवर, हल्ल्याच्या हुकमाची वाट पाहणाऱ्या जवानांच्या छातीत त्यांनी असे ठोके ऐकले होते. चकती उचलली की शांतता. टेकवली की पुन्हा तेच.

जुन्या सवयीने त्यांच्या तोंडून शब्द गेला, "विश्राम."

ठोके मंदावू लागले. सगळे एकदम. फार काळ उभ्या असलेल्यांना कुणीतरी अखेर बसा म्हणावं तसे.

"काय ऐकू येतंय, आजोबा?"

"तुझंच बरोबर होतं, अजून ड्यूटीवरच होती," कर्नल पुटपुटले, आणि तिथेच खाली बसून घाईघाईने बूट काढू लागले.