सातशे बारा

कडावच्या पुढं आमच्या गावात घरांचे नंबर अकराशेवर गेलेत, पण बहुतेक बंगले मुंबईकरांचे, कुलूपबंद. फोनवर बघून शिकलेल्या जावास्क्रिप्ट या कोडिंगच्या भाषेत मी यादी केली. गावातले गडी कामाला बाहेर जातात, म्हणून दिवसा घरात गडीमाणूस असतो त्याच घराच्या नंबरावर नाव, बाकी नंबर रिकामे. यादी चालवणारं इंजिन शहाणं, रिकाम्या जागा ते साठवतच नाही, थेट पुढच्या नावावर उडी मारतं.

आज सकाळी सदूकाका वारले. यादीनं क्षणात तीन नावं दिली.

"तिघांच्या खांद्यावर कसे जातील गं हे?" सुंदराकाकू म्हणाली. "परत इचार की त्या फोनला."

मी परत विचारलं. तीनच.



यादीत मी रिकाम्या ठेवलेल्या सातशे बारा नंबरच्या बंगल्याचा वॉचमन न बोलावता आला आणि तिरडीला चौथा खांदा लावून उभा राहिला.