निवळ पाणी

"दादाला घरघर लागली," म्हणत नणंद सखुबाईनं देवघरातला गंगेचा गडू खाली काढला. नर्मदाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नवऱ्याच्या खाटेपासून दारातल्या मोटारीपर्यंत आणि मोटारीपासून परत खाटेपर्यंत, सकाळपासून त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता.

मोटार नवी कोरी. पाडव्याला आणल्यापासून घरानं तिला रोज पुसली, हळदकुंकू वाहिलं. पण तिच्या बॅटरीला पाणी लागतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. कळमनुरीहून बोलावलेल्या अल्लाबक्ष ड्रायव्हरनं भोंगा दाबला, तर तो आजारी मांजरासारखा कण्हला.

"बॅटरी सुकली, बाईसाहेब. तिच्यात पाणी पडलं तर मालकाला नांदेडच्या दवाखान्यात नेतो बराबर."

"मंग विहीर काय लांब हाय?"

"ते खारं पाणी न्हाई चालत. निवळ पाहिजे, पावसाचं. ह्या उन्हाळ्यात कुठून आणावं?"

नर्मदाबाई तरातरा आत गेल्या आणि नणंदेच्या हातातला गडू हिसकावून आल्या. उलथण्यानं त्यांनी त्याचं झाळून बंद केलेलं तोंड उचकटलं. गडू ओळखून अल्लाबक्षनं हात मागं घेतला.

"तुमीच वता, बाईसाहेब."

त्यांनी थेंबन् थेंब ओतला. अल्लाबक्षनं घाम निघेस्तोवर हँडल मारलं, तेव्हा कुठं इंजन धडधडलं.

सखुबाई कपाळ बडवत बाहेर आली. "वैनी, सारी गंगा मोटारीला पाजली! आता दादाच्या तोंडात काय घालता?"

"दवाई."