लेकाच्या हातचं

दार उघडलं ते दोकसूनेच, आणि त्याच्या कमरेला एप्रन होता. माल्सुनने आधी एप्रनकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे, आणि हातातला किमचीचा डबा दारातच खाली टेकवला. नामहे बेटावरून निघून, बस बदलत, कोणाला न कळवता ती उल्सानला आली होती. नातीला घेऊन जायला. सहावीतली दाऊल वसंतात शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडली होती, डॉक्टरांनी अंगात रक्त कमी आहे म्हणून सांगितलं होतं, आणि आजीला हे कळलं आता, पानगळ सुरू झाल्यावर. तेही फोनवर बोलताना पोरीच्या तोंडून निसटलं म्हणून.

"मीरान कुठाय?"

"झोपलीय. रात्रपाळी होती. हळू बोल, आई."

सून गोदीत क्रेन चालवायची. त्याबद्दल माल्सुनची कधी तक्रार नव्हती. पण रविवारच्या भरदुपारी सून झोपलेली आणि मुलगा ओट्याशी उभा राहून पालक निवडतोय, हे काही तिच्या डोळ्यांना सोसेना. या मुलाला तिने स्वतःच्या घरात कधी जेवलेली वाटीसुद्धा उचलू दिली नव्हती. ती दबक्या आवाजात बोलायला लागली आणि बराच वेळ बोलत राहिली. आईबापांना वेळ नाही म्हणून पोर वाळली. माझ्याकडे ताजी मासळी आहे, परसात भाजी आहे, दिवसभर घरात माणूस आहे. तिचे कपडे भर, संध्याकाळच्या बसने नेते.

दोकसू ऐकत होता. पालक उकळत्या पाण्यातून काढून त्याने गार पाण्यात टाकला, मुठीत घट्ट पिळला, लसूण आणि तिळाचं तेल घालून बोटांनी कालवला. मग म्हणाला, "डॉक्टरांनी विचारलं, मुलगी रोज काय खाते. मला सांगता येईना, आई. संध्याकाळी बस डेपोत लावून घरी मीच येतो. राम्योन नूडल्सचं पाकीट फोडायचो, वरून गरम पाणी ओतायचो. ती पोट भरलं म्हणायची. मला वाटायचं, झालं आपलं काम."

"मग मला का नाही कळवलंस?"

"कळवलं असतं तर तू तिला घेऊन गेली असतीस."

माल्सुनने बूट काढले आणि आत येऊन बसली.

त्याने फ्रिज उघडून दाखवला. सगळं रविवारी करून ठेवायचं, म्हणजे आठवडाभर नुसता भात लावला की भागतं. फार प्रकार करायचे नाहीत, पण पानात एक हिरवं, एक मोडाचं आणि एक मासा किंवा अंडं असलंच पाहिजे. सुकी मांदेली उकळून काढलेलं पाणी बर्फासारखं गोठवलेलं, एक वडी टाकली की सूप तयार. भातात घालायला काळं सोयाबीन भिजत पडलेलं. जेवण झालं की संत्रं, म्हणजे खाल्लेलं अंगी लागतं. डबे काचेचे, आणि तेही मधल्या फळीवर, कारण भूक लागली की पोरीच्या हाताला पहिलं तेच लागायला हवं. सुरुवातीला सोयाबीन करपायचं, तेव्हा दोघं बापलेक वास जाईपर्यंत गॅलरीत बसून राहायची, हेही त्याने सांगून टाकलं.

माल्सुनने चिमूटभर पालक तोंडात टाकला. "यात मीठ कुठाय?"

"कमीच घालतो. लसूण आहे ना, तुझ्याच शेतातला."

तिने नाक मुरडलं. थोड्या वेळाने आणखी एक चिमूट घेतली.

एवढ्यात दाऊल धावण्याच्या सरावाहून आली. घामाघूम, गाल लालबुंद. आजीच्या गळ्यात पडली, आणि गळ्यात असतानाच सांगून टाकलं की शाळेच्या रिले संघात तिला घेतलंय, शेवटची धाव तिची. मग सरळ फ्रिजकडे गेली, डबे काढले, स्वतःच भात वाढून घेतला आणि कोणी न सांगता जेवायला बसली. माल्सुन बघत राहिली. कपड्यांचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

बोलण्याच्या आवाजाने मीरान उठून बाहेर आली. सासूला बघताच तिने विस्कटलेले केस सावरले, वाकून नमस्कार केला आणि घाईघाईने ओट्याकडे वळली. "आई, माफ करा, मला कळलंच नाही, मी लगेच काहीतरी..."

"तोंड धू आणि जेवायला बस," माल्सुन म्हणाली. "भात गरम आहे."

चौघं बुटक्या टेबलाभोवती बसली तोच माल्सुनचा फोन वाजला. बेटावरून थोरली बहीण बोलत होती, चेहरा पडद्याच्या फार जवळ आणलेला. पोरीला घेऊन निघालीस का, असं तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढचं विचारलं, "सून काय खायला घालतेय तुला?"

मीरानचा घास हातातच थांबला. दोकसूने मान खाली घातली.

"सून जेवतेय, ताई," माल्सुन म्हणाली. "रांधलंय माझ्या लेकाने." तिने फोन फिरवला आणि टेबलावरच्या एकेका वाटीवर थांबत, नाव सांगत, सावकाश पुढे नेला.

बहिणीने विचारलं, "दोकसूने? आणि खाववतंय का ते?"

माल्सुनने चॉपस्टिकने कमळकाकडीची एक चकती उचलली, फोन गालापाशी नेला, आणि बेटावर नीट ऐकू जाईल अशी ती करकरून चावली.