पेशी गोठवता येतात

विभागात एखाद्या फेलोशिपची बातमी आली की मॅडम आधी ती नोटीस बोर्डावर लावायच्या आणि मग ज्याला ती शोभेल त्याच्या मागे हात धुऊन लागायच्या. या खेपेला परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेत वर्षभराची जागा होती, जणू त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलीसाठीच मापं घेऊन शिवलेली. मुदत संपत आली तरी मुलगी ताकास तूर लागू देईना. शेवटी मॅडमनीच तिला तिच्या टेबलापाशी गाठलं.

"माझ्या पेशींचं कोण बघणार, मॅडम?" डिशमधला जुना द्रव काढून ताजा घालता घालता ती म्हणाली. "दिवसाआड खायला घालावं लागतं त्यांना."

मॅडमना हसूच आलं. "हे तू मला सांगतेस? नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवू. वर्षाने आलीस की बाहेर काढ, आज आहेत तशाच मिळतील. दुसरी सबब सांग."

मुलीने डिश इन्क्युबेटरमध्ये ठेवली, दार लावलं आणि सावकाश हातमोजे काढले.

"अगं, अशी संधी पुन्हा येत नसते." मॅडमचा आवाज जरा चढला. "कळतंय का तुला?"

"कळतंय ना. म्हणून तर नाही म्हणतेय," ती म्हणाली. "आईचं विसरणं फार वाढलंय, मॅडम. परवा सख्ख्या मावशीला ओळखलं नाही तिने. मला मात्र अजून नावाने हाक मारते."